काकडीवरचा आळ

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेतील एका सरकारी यंत्रणेच्या कामात गाजावाजा न होता एक काटछाट झाली. ‘फूडनेट’ या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तेथील दहा राज्यांत अन्नातून होणाऱ्या आतड्यांच्या विकारांची मोजदाद करीत आली आहे. अहवाल येण्याची वाट न पाहता आपण होऊन प्रयोगशाळांचे दार ठोठवावयाचे आणि रुग्ण टिपून घ्यावयाचा, ही तिची रीत. आठ रोगकारकांची अशी नोंद ठेवणे सहभागी राज्यांवर बंधनकारक होते. ते बंधन आता साल्मोनेला आणि विषारी ई. कोलाय या दोन जंतूंपुरतेच उरले आहे. राहिलेल्या सहांची माहिती इतर मार्गांनी मिळतच राहील, असा खुलासा करण्यात आला. वरवर पाहता ही कारकुनी स्वरूपाची बाब आहे. पैशाची ओढाताण सुरू झाली, की कोणत्याही सरकारची कात्री प्रथम मोजणीवर चालते. कारण मोजणी बंद पडली म्हणून कोणी मोर्चा काढीत नाही.

या मोजणीचे मोल काय, आणि ती अपुरी किंवा उशिरा झाली म्हणजे भुर्दंड कोणाला पडतो, हे पाहावयाचे तर २०११ साली जर्मनीत आलेल्या ई. कोलायच्या साथीकडे वळावे लागेल. अन्नातून पसरणाऱ्या रोगांची चर्चा बहुधा हात धुण्यापासून सुरू होते आणि पाणी उकळून पिण्याच्या उपदेशापाशी संपते. उपदेश चुकीचा नाही. परंतु त्यामुळे अन्न दूषित होणे ही एखाद्या गृहिणीच्या किंवा खानावळीच्या हलगर्जीपणाची गोष्ट आहे, अशी समजूत दृढ होते. शेतातून निघालेला दाणा बंदरे, गोदामे, घाऊक व्यापारी आणि दुकाने ओलांडून दीड वर्षाने कोणाच्या तरी ताटात येतो, तेव्हा तो कोठे दूषित झाला हे हुडकणे आरोग्याइतकेच बाजारव्यवहाराचे काम होऊन बसते. जर्मनीतील साथीत नेमके हेच घडले.

हॅम्बुर्गहून आलेला निरोप

१९ मे २०११ रोजी बर्लिन येथील रॉबर्ट कॉख संस्थेला हॅम्बुर्गहून कळविण्यात आले, की तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात तीन मुले एका गंभीर विकाराने एकाच दिवशी दाखल झाली आहेत. या विकारात प्रथम रक्ताची हगवण लागते. मग जंतूचे विष रक्तात भिनून तांबड्या पेशी फुटू लागतात आणि मूत्रपिंडे काम करीनाशी होतात. एरवी हा विकार लहान मुलांचा मानला जातो. लवकरच असे दिसून आले, की या वेळचे बहुसंख्य रुग्ण प्रौढ आहेत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश आहे. जुलैच्या अखेरीस साथ संपल्याचे जाहीर झाले, तोवर सुमारे ३,८०० लोक आजारी पडले होते, साडेआठशेच्या आसपास रुग्णांची मूत्रपिंडे ग्रासली गेली होती आणि पन्नासांहून अधिक माणसे दगावली होती. जगातील सर्वांत सधन आणि सुव्यवस्थित म्हणून गणल्या जाणाऱ्या देशांपैकी एकाची ही कथा आहे, हे लक्षात ठेवणे बरे.

ई. कोलाय हा मूळचा शत्रू नव्हे. थिओडोर एशेरिश या वैद्याने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो प्रथम ओळखला. त्याच्याच नावावरून जंतूचे नाव पडले. प्रत्येक माणसाच्या आतड्यात त्याची वस्ती असते आणि ती बहुतांशी निरुपद्रवी असते. या कुळातील काही वाण मात्र शिगा नावाचे विष तयार करतात. (आमांशाचा जंतू शोधणाऱ्या कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाचे हे नाव.) असे वाण सामान्यतः गुरांच्या पोटात वाढतात आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून वा न तापविलेल्या दुधातून माणसाकडे येतात. १९९३ साली अमेरिकेत खिम्याच्या अर्धवट भाजलेल्या टिकियांमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार मुले मरण पावली, ती याच प्रकारच्या एका वाणामुळे.

हॅम्बुर्गचा जंतू निराळा निघाला. मानवी आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारा, केवळ अतिसार घडविणारा एक वाण होता; जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूमार्फत त्याच्या अंगी शिगा विषाचे जनुक आले. चिवटपणा एकाचा आणि विष दुसऱ्याचे, असा हा संयोग. शिवाय पेनिसिलिनच्या कुळातील अनेक औषधे त्याच्यावर चालत नव्हती. आणखी एक गोष्ट तपासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. हा वाण गुरांचा नव्हे, माणसांचा होता. म्हणजे शोध गोठ्याकडे वा खाटिकखान्याकडे नव्हे, तर मानवी मैल्याचा ज्याला कोठे तरी स्पर्श झाला असेल अशा अन्नाकडे वळवावयास हवा होता.

पाच दिवसांत कोसळलेला बाजार

मात्र निरोप पोहोचेपर्यंत वेळ निघून गेली होती. पहिले रुग्ण मेच्या पहिल्या पंधरवड्यातच आजारी पडले होते आणि संस्थेला खबर मिळाल्यावर दोन-तीन दिवसांतच साथीने आपले टोक गाठले. डॉक्टरांकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून बर्लिनकडे अशा पायऱ्यांनी माहिती जावयाची, आणि प्रत्येक पायरीवर तिला विश्रांती घेण्याची कायद्यानेच मुभा होती. (हा कायदा पुढे २०१३ साली बदलून मुदती कमी करण्यात आल्या.) वर्तमानपत्रे रोजचे मृत्यू मोजीत होती. लोकांना उत्तर हवे होते.

रुग्णांना काय काय खाल्ले हे विचारता टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने ही नावे पुनःपुन्हा आली. २५ मे रोजी या तिन्ही वस्तू कच्च्या खाऊ नयेत, असा सावधगिरीचा इशारा देण्यात आला. येथपर्यंत आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. परंतु दुसऱ्याच दिवशी हॅम्बुर्ग राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले, की बाजारातून आणलेल्या काकड्यांवर विषारी ई. कोलाय सापडला असून त्या काकड्या स्पेनमधून आलेल्या आहेत. काकड्यांवर जंतू सापडला होता, हे खरे. तो साथीचाच जंतू आहे की नाही, याची शहानिशा तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. ती ३१ मे रोजी झाली. काकडीवरचा जंतू वेगळा होता.

या पाच दिवसांत व्हायचे ते होऊन गेले. दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया आणि मालागा परिसरातील भाजीउत्पादकांचा माल युरोपभर नाकारला जाऊ लागला. तयार पीक उपटून टाकण्याची वा गुरांना घालण्याची पाळी आली. आठवड्याला २० कोटी युरोंचे नुकसान होत असल्याचा अंदाज तेथील उत्पादक संघटनेने वर्तविला. संघटनांचे अंदाज नेहमीच थोडे फुगलेले असतात, असे धरले तरी उरणारी रक्कम लहान नाही. रशियाने २ जूनला संपूर्ण युरोपीय संघाच्या भाजीपाल्यावर बंदी घातली. खुद्द जर्मनीतील आणि शेजारच्या हॉलंडमधील शेतकऱ्यांचीही गत वेगळी नव्हती. कारण घाबरलेला ग्राहक काकडीचा मुलूख विचारीत बसत नाही. अखेर युरोपीय संघाला २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर करावी लागली आणि ती पुढे काहीशी वाढविण्यात आली. म्हणजे हॅम्बुर्गमधील एका घोषणेचे बिल सबंध युरोपातील करदात्यांनी चुकते केले, आणि तेही अर्धेमुर्धेच.

मंत्र्यांची बाजूही न्याय्यपणे पाहिली पाहिजे. समोर माणसे मरत असताना हाती आलेली माहिती दडवून ठेवली असती आणि उद्या काकडीच दोषी ठरली असती, तर त्या मौनाला कोणी क्षमा केली नसती. इशारा देण्याचा लाभ संभाव्य रुग्णाला मिळतो. चुकीच्या इशाऱ्याचा तोटा दूरच्या शेतकऱ्याला होतो. रुग्ण आपल्या राज्यातला मतदार असतो, शेतकरी परक्या देशातला असतो. साहजिकच तराजू एका बाजूला झुकतो. ज्याचा खर्च निर्णय घेणाऱ्याला स्वतः सोसावा लागत नाही, असा निर्णय गरजेपेक्षा अधिक सढळ हाताने घेतला जातो. कारखान्याच्या धुराविषयी अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत जे शिकविले जाते, ते सरकारी घोषणांनाही लागू पडते. ‘कच्ची भाजी काही दिवस टाळा’ असे म्हणणे वेगळे आणि ‘अमुक देशाची काकडी’ असे म्हणणे वेगळे. पहिल्या वाक्याने जीव वाचविण्याचे काम तितकेच झाले असते.

हा प्रकार जगात प्रथमच घडला, असेही नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात जपानमधील साकाई शहरात शाळेतील जेवणातून हजारो मुलांना ई. कोलायची बाधा झाली. त्यानंतर तेथील आरोग्य मंत्रालयाने मोड आणलेल्या मुळ्याच्या दाण्यांकडे बोट दाखविणारा अंतरिम निष्कर्ष जाहीर केला. देशभर मुळ्याच्या मोडांना गिऱ्हाईक उरले नाही. तत्कालीन आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर ते मोड खाऊन दाखविले; पण त्या भोजनाचा ग्राहकांवर फारसा परिणाम झाला नाही. उत्पादक न्यायालयात गेले. संदिग्ध निष्कर्ष ज्या रीतीने प्रसिद्ध करण्यात आला ती रीत गैर होती, असे उच्च न्यायालयाने मानले, आणि २००४ पर्यंत चाललेल्या या वादात सरकारला भरपाई द्यावी लागली. हे कान २०११ साली, जर्मनीत काकडीचे प्रकरण गाजत असताना, जपानचे पंतप्रधान होते.

आचाऱ्याचा जबाब

खरा गुन्हेगार सापडला तो कसा, हा या कथेतला सर्वांत बोधप्रद भाग. एखाद्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि जंतू हाती लागला, असे येथे घडले नाही. तो सापडला बिलांतून, पाककृतींतून आणि गोदामाच्या आवक-जावक वह्यांतून.

अडचण मानवी स्मरणाची होती. मोड आणलेली कडधान्ये जर्मनीत कोणी वाटीभर खात नाही. सॅलडवर किंवा सँडविचमध्ये चिमूटभर पेरतात. आठवड्यापूर्वीच्या जेवणात काकडी होती हे माणसाला आठवते. तिच्यावर चार मोड होते, हे आठवत नाही. एका पाहणीत २४ रुग्णांपैकी केवळ सहांनी मोड खाल्ल्याचे सांगितले. चारांतला एक! आरंभीच्या मुलाखतींतही मोडांचे नाव इतके क्वचित आले, की पहिल्या प्रश्नावलीत त्यांचा समावेशच झाला नाही. आणि जे प्रश्नावलीत नाही, ते उत्तरात कोठून येणार? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण टिपून ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा संशोधकांनी रुग्णाला विचारणे सोडून आचाऱ्याला विचारावयास सुरुवात केली. ल्यूबेक शहरातील एका उपाहारगृहात मेच्या मध्यास अनेक गट जेवून गेले होते. त्यांतील दहा गटांची, म्हणजे १५२ माणसांची, नावे मिळाली. त्यांपैकी ३१ जणांना बाधा झालेली होती. कोणी कोणता पदार्थ मागविला हे उपाहारगृहाच्या नोंदींवरून आणि जेवताना काढलेल्या छायाचित्रांवरून पक्के करण्यात आले. मग प्रत्येक पदार्थात नेमके काय आणि किती घातले जाते, हे स्वयंपाकघरात जाऊन लिहून घेतले. निकाल निःसंदिग्ध होता. आजारी पडलेल्या एकूण एक ३१ माणसांच्या ताटात मोड वाढले गेले होते. ज्यांच्या ताटात ते होते त्यांना बाधेचा धोका इतरांच्या सुमारे चौदापट होता. काकडी आणि टोमॅटो निर्दोष सुटले. खाणाऱ्याला जे आठवले नाही, ते पावतीने आणि पाककृतीने सांगितले.

दुसऱ्या बाजूने मालाचा माग काढणे चालू होते. रुग्ण जेथे जेथे जेवले होते अशी ४१ ठिकाणे निवडून प्रत्येकाच्या पुरवठादाराचा पुरवठादार शोधण्यात आला. एक्केचाळिसांच्या एक्केचाळीस वाटा लोअर सॅक्सनी राज्यातील बीनेनब्यूटेल या गावच्या एकाच शेतीकेंद्रापाशी जाऊन मिळाल्या. हे केंद्र मोड तयार करून विकीत असे. १० जून रोजी मोड हेच साथीचे मूळ असल्याचे जाहीर झाले आणि भाज्यांवरचा इशारा उठला. पहिल्या निरोपापासून जेमतेम तीन आठवडे लागले होते. स्पेनच्या शेतकऱ्याला ते दोन आठवडे उशिरा वाटले असतील; पण अशा तपासाच्या इतिहासात हा वेग उल्लेखनीयच म्हटला पाहिजे.

दमिएता ते बोर्डो

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. मोड दूषित झाले ते केंद्रावर, की बी आले तेव्हाच ते दूषित होते? त्याचे उत्तर फ्रान्सने दिले. बोर्डोजवळच्या बेग्ल या गावी ८ जूनला मुलांच्या एका केंद्रात समारंभ झाला. तेथे खाणाऱ्यांपैकी काहींना तोच जंतू लागला. त्या मोडांचा जर्मनीतील केंद्राशी काहीही संबंध नव्हता; बागकामाच्या दुकानातून बियांच्या पुड्या आणून ते तेथेच तयार केलेले होते. मग दोन्ही ठिकाणी सामाईक काय होते? मेथी! युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने कागदपत्रे जुळवली, तेव्हा दोन्हीकडच्या मेथीचा माग इजिप्तमधील एकाच निर्यातदाराच्या एका खेपेशी जाऊन पोहोचला. १५,००० किलो वजनाची ही खेप २००९ च्या अखेरीस दमिएता बंदरातून निघाली होती. युरोपात ती फुटली, वाटली गेली, पुन्हा पुड्यांत भरली गेली आणि डझनभर देशांत पसरली. बीनेनब्यूटेलच्या वाट्याला तिच्यातले अवघे ७५ किलो बी आले होते.

मोड कसे येतात हे मराठी वाचकाला सांगावयास नको. भिजवलेली मटकी वा मेथी फडक्यात बांधून उबेला ठेवली, की दुसऱ्या दिवशी अंकुर फुटतो. जी ऊब आणि ओल अंकुराला लागते तीच जंतूला मानवते. कोरड्या दाण्याच्या भेगेत महिनोन्‌महिने निद्रिस्त असलेले मोजके जंतू त्या दोन-तीन दिवसांत हजारपट, लाखपट वाढतात. महाराष्ट्रात या मोडांची बहुधा उसळ होते आणि चुलीवरच्या आधणात जंतूचा निकाल लागतो. अलीकडे आरोग्याच्या कल्पनेने कच्चे मोड खाण्याची रीत शहरांतून वाढली आहे. ती जितकी वाढेल तितकी ही जर्मन हकीकत इकडच्या वाचकालाही परकी राहणार नाही.

आता या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट. इजिप्तच्या मेथीत तो जंतू प्रयोगशाळेला कधीही सापडला नाही. दाण्यांचे नमुने पुनःपुन्हा तपासले गेले. हाती काही लागले नाही. टनावारी दाण्यांत जंतू इतके विरळ असावेत, की मूठभर नमुन्यात ते न येणेच अधिक संभवनीय. इजिप्तच्या सरकारने आरोप फेटाळला. युरोपीय संघाने मात्र ती खेप बाजारातून काढून घेतली आणि जुलैपासून इजिप्तच्या काही बियांची आयात थांबविली. काकडीवर जंतू सापडला होता आणि ती निर्दोष ठरली; मेथीत सापडला नाही आणि ती दोषी ठरली. स्पेनला भरपाई मिळाली, इजिप्तला बंदी. हा न्याय म्हणावा काय?

म्हणावा लागेल. काकडीविरुद्धचा पुरावा एकेरी होता: एक वस्तू, तिच्यावर एक जंतू आणि घाईने जोडलेले नाते. मेथीविरुद्धचा पुरावा दोन देशांतून, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन साथींतून आलेला होता, आणि त्याचे सर्व धागे कागदोपत्री एकाच खेपेत गुंतत होते. दोष कोठे घडला, शेतात, गोदामात की वाहतुकीत, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि इजिप्तच्या शेतकऱ्याला या बारकाव्याचा काही उपयोग झाला नाही, हेही तितकेच खरे. त्याच्या मागे आल्मेरियाच्या उत्पादकांसारखी संघटनाही नव्हती आणि संघाच्या तिजोरीवर हक्क सांगणारे सरकारही नव्हते.

संग्रह कोणाच्या पैशाने?

वह्यांनी माग काढला असला तरी जंतूची ओळख पटविण्याचे काम प्रयोगशाळेचेच होते. ते किती लवकर झाले हे पाहण्यासारखे आहे. म्युन्स्टर येथील विद्यापीठाने २५ मेच्या सुमारास जंतूचा वाण निश्चित केला. हे शक्य झाले, कारण जर्मनीतील अशा रुग्णांपासून मिळालेल्या जंतूंचा एक संग्रह तेथे अनेक वर्षांच्या चिकाटीने सांभाळला गेला होता. त्यातील ४२ प्रातिनिधिक वाणांपैकी एकेचाळिसावा, २००१ साली मिळालेला, हॅम्बुर्गच्या जंतूचा निकटचा नातलग निघाला. पाठोपाठ हॅम्बुर्गच्या रुग्णालयाने चीनमधील शेन्झेन येथील संस्थेच्या साहाय्याने जंतूचा सबंध जनुकसंच वाचून काढला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि निरनिराळ्या खंडांतील शास्त्रज्ञांनी मानधनाची वा श्रेयाची घासाघीस न करता त्याचे विश्लेषण सुरू केले. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील एका रुग्णापासून पूर्वी मिळालेल्या वाणाशी त्याचे साम्य आढळले, तेही याच सामुदायिक वाचनातून.

दहा वर्षे शीतकपाटात पडून राहिलेल्या एका जंतूचा सांभाळ करण्याचा खर्च कोणत्या खाजगी कंपनीने केला असता? ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना सारखाच मिळतो आणि ज्यापासून कोणालाही वगळता येत नाही, त्याची किंमत बाजारात वसूल होत नाही. शिवाय अन्नाच्या व्यवसायात प्रेरणा उलटीच काम करते. जो उत्पादक स्वतःचा माल कसून तपासतो त्यालाच दोष सापडतो आणि त्यालाच तोटा होतो. जो तपासत नाही तो सुखी असतो. म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशानेच व्हावे लागते. त्याचा परतावा थोडाथोडका नसतो. जंतूंच्या जनुकीय ठशांची तुलना करून विखुरलेल्या रुग्णांचे नाते शोधणाऱ्या ‘पल्सनेट’ या अमेरिकी जाळ्याचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे ७३ लक्ष डॉलर खर्च करून ते सुमारे ५० कोटी डॉलरांचे नुकसान टाळते, असे त्यात आढळले. इतका परतावा देणारी योजना नियोजनकर्त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. त्याच देशात फूडनेटची यादी आठावरून दोनवर येते, तेव्हा तो काटकसरीचा हिशेब नेमका कोणत्या वहीत मांडला गेला, हे विचारणे भाग आहे.

सुटी भगर, कोरी वही

गरीब देशांचा प्रश्न याहून मूलभूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे दूषित अन्नामुळे जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत सुमारे ३० टक्के पाच वर्षांखालील मुले असतात. भारत ज्या विभागात मोडला जातो त्या आग्नेय आशिया विभागाचा वाटा १५ कोटी रुग्णांचा आणि पावणेदोन लाख मृत्यूंचा. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांचे यापायी होणारे वार्षिक नुकसान जागतिक बँकेने २०१८ साली ११,००० कोटी डॉलर धरले. त्याचा मोठा हिस्सा औषधपाण्याचा नसून बुडालेल्या श्रमाचा आहे. रोजंदारीवरच्या माणसाला हगवण लागली, की दवाखान्याच्या खर्चाआधी त्याची मजुरी जाते.

भारतात २००४ पासून साथरोगांवर देखरेख ठेवणारी एकात्मिक योजना चालू आहे, आणि तिच्या नोंदींत अतिसार व अन्नविषबाधा यांच्या उद्रेकांचा वाटा मोठा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ईशान्येकडील काही राज्यांत २०२० पासून अन्नजन्य जंतूंच्या पाहणीचे जाळे उभारले आहे. योगायोगाने त्याचेही नाव फूडनेटच आहे. हे प्रयत्न स्वागतार्ह होत. परंतु ल्यूबेकमध्ये जे घडले त्याची पूर्वअट प्रयोगशाळा नव्हती, पावती होती. महाराष्ट्रात नवरात्र जवळ आले, की अन्न व औषध प्रशासन सुटी भगर आणि भगरीचे सुटे पीठ घेऊ नका, असे दरवर्षीप्रमाणे बजावते. भगरीतला दोष बहुधा बुरशीचा असतो, जिवाणूचा नव्हे. पण मागोव्याचा प्रश्न एकच आहे. पोत्यातून मापाने घेतलेल्या पिठाला ना खेपेचा क्रमांक, ना गिरणीचे नाव. २० फेब्रुवारी २०२४ च्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा गावी सप्ताहातील प्रसादानंतर शेकडो लोकांना बाधा झाली आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या, ती दृश्ये पुष्कळांच्या स्मरणात असतील. अशा पंक्तीला पाककृतीची वही नसते आणि जेवणाऱ्यांची यादी तर नसतेच.

एका दृष्टीने यात सोय आहे. नोंदच नाही, म्हणून कोणावर खोटा आळ येत नाही, कोणाला भरपाई द्यावी लागत नाही, कोणाचा बाजार पाच दिवसांत कोसळत नाही. आल्मेरियाच्या शेतकऱ्याने भोगले ते येथील शेतकऱ्याला भोगावे लागत नाही. त्याचा मोबदला मात्र मजूर, मुले आणि म्हातारी माणसे वर्षानुवर्षे चुकती करीत असतात. निर्यातीच्या मालाबाबत ही सोय केव्हाच संपली आहे. २०१३ पासून मोडांसाठी युरोपात येणाऱ्या प्रत्येक खेपेला, मग ती इजिप्तची असो की राजस्थानच्या मेथीची, स्वच्छतेचे प्रमाणपत्र आणि माग काढता येईल असा कागद सोबत लागतो. देशांतर्गत विक्रीत २०२२ च्या आरंभापासून अन्नव्यावसायिकाने आपला परवाना क्रमांक पावतीवर छापावा, असा नियम झाला आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यापूर्वी, आठवड्याच्या बाजारात मेथी, मटकी वा भगर घेणाऱ्या किती जणांच्या हाती पावती पडते, हे पाहावे लागेल. देखरेख योजनेची उद्रेकांची यादी आठवड्याच्या आठवड्याला निघते. तिच्यात गावाचे नाव असते, रुग्णांची संख्या असते, कार्यक्रम लग्नाचा होता की भंडाऱ्याचा हेही कधी असते. जंतूच्या नावाच्या जागी मात्र अनेकदा नमुने तपासणीस पाठविल्याची नोंद असते.